घरपोच बँकेचं काम बीसी सखीला परवडतं का?



आज आपण हिशेबाला बसणार आहोत. वही-पेन जवळ असेल तर घ्या, नसेल तर शेजारणीला आकडे लक्षात ठेवायला सांगा. विषय आहे आपल्या बीसी सखीचा. हातात मशीन, खांद्याला पिशवी, आणि वाडीवर जाऊन 'आजी, अंगठा ठेवा' म्हणणारी आपलीच गटातली बाई.

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत गटांच्या बैठकांना बसलं की हा विषय दोन बाजूंनी निघतो. काम करणाऱ्या सख्या म्हणतात, दिवसभर फिरतो खरं, पण हातात उरतं काय? आणि नव्या शिकलेल्या सुना-मुली विचारतात, आम्ही मशीन घ्यावं का? दोन्ही प्रश्न एकच आहेत. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो आणि मग त्यामागचा हिशेब मांडतो.

नुसतं दारोदार फिरून, नुसत्या कमिशनवर, हे काम परवडत नाही. एका जागी बसून, हातातल्या दुसऱ्या धंद्याला जोडून, वाडीवर ठरल्या दिवशीच जाऊन केलं, तर परवडतं. काम तेच, मशीन तेच, कमिशनही तेच. फरक फक्त फेरीचा.

दारात बँक आली कशी

दारात येऊन पैशाचा व्यवहार करणं आपल्या भागाला नवं नाही. पिग्मीवाला कोणाला माहीत नाही? १९२८ साली कर्नाटकाच्या किनाऱ्यावर उडुपीला, पुढे सिंडिकेट बँक झालेल्या बँकेने ही पिग्मी सुरू केली. रोज दोन आण्यांसारखी लहान रक्कम दारात येऊन गोळा करायची. तीच पद्धत आपल्या पतसंस्थांनी गावोगाव नेली.

आपल्या साताऱ्यात माण तालुक्यात, म्हसवडला, १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. परवान्याचा पहिला अर्ज परत आला, कारण पुढाकार घेणाऱ्या कितीतरी बायकांनी सहीच्या जागी अंगठे उठवले होते. बायका घरी रडत बसल्या नाहीत. अक्षर शिकल्या, पुन्हा गेल्या आणि परवाना घेऊन आल्या. पुढे कळलं की बाजारात बसणारी बाई बँकेत यायचं म्हटलं तर तिचा अर्ध्या दिवसाचा धंदा बुडतो. म्हणून बँकच बायकांच्या दारात आणि बाजारात गेली.

२००६ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना अशी मुभा दिली की शाखा नसेल तिथे आपला माणूस नेमून व्यवहार करा. त्या माणसाला बँकेच्या भाषेत बिझनेस करस्पॉन्डन्ट म्हणतात, त्याचंच आखूड नाव बीसी. २०१४ च्या ऑगस्टमध्ये जनधन खाती सुरू झाली. घरोघर पासबुक आलं, पण शाखा होती तिथेच राहिली. मग उमेद अभियानात गटातल्याच बायकांना शिकवून, परीक्षा द्यायला लावून बीसी केलं. ती आपली बीसी सखी.

म्हणजे काम चांगलं आहे यात शंका नाही. पाटणच्या डोंगरातल्या वाडीवरून किंवा जतच्या पूर्व भागातल्या वस्तीवरून बँकेत जायचं तर म्हातारीचा अख्खा दिवस जातो. एसटीचं भाडं जातं ते वेगळं. सखीमुळे तिचं ते वाचतं. आता बघायचं ते एवढंच की म्हातारीचं जे वाचतं, ते कोणाच्या खिशातून वाचतं.

कमिशन येतं कुठून

मशीनवर अंगठा ठेवून पैसे काढले की त्या व्यवहाराला आधार पेमेंट किंवा एईपीएस म्हणतात. एका वेळी जास्तीत जास्त १०,००० रुपये काढता येतात. समजा सखीचं मशीन एका बँकेचं आहे आणि म्हातारीचं खातं दुसऱ्या बँकेत आहे. तर म्हातारीची बँक मशीनवाल्या बँकेला त्या रकमेच्या अर्धा टक्का देते. पण त्याला वरची मर्यादा आहे १५ रुपयांची.

इथे थोडं थांबा. अर्ध्या टक्क्याने १५ रुपये कधी होतात? ३,००० रुपये काढले की. त्याच्या पुढे कितीही काढा, १५ च. ३,००० काढले तरी १५ आणि १०,००० काढले तरी १५. आणि लाडक्या बहिणीचा १,५०० चा हप्ता काढला तर साडेसात रुपये.

हे १५ किंवा साडेसातही सगळे सखीच्या हातात पडत नाहीत. बँक आणि सखी यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी एक कंपनी असते. ती मशीन देते, सॉफ्टवेअर चालवते आणि आपला वाटा कापून घेते. हा वाटा प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. खातं आपल्याच बँकेचं असेल तर दर आणखी वेगळा. आपल्या हिशेबासाठी आपण धरू की सखीला १०० तले ७० मिळतात. म्हणजे १,५०० च्या व्यवहाराला सव्वापाच रुपये, आणि ३,००० किंवा त्याहून मोठ्या व्यवहाराला साडेदहा रुपये. तुमच्या करारात जो आकडा असेल तो इथे घाला. रीत तीच राहील.

शिल्लक बघणं, छोटं स्टेटमेंट काढणं याला अगदी किरकोळ मिळतं, काही ठिकाणी काहीच नाही. विम्याचं थोडं बरं आहे. जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता ४३६ रुपये आहे. त्यातले ३० रुपये नवं नाव नोंदवणाऱ्या मध्यस्थासाठी ठेवलेले आहेत. सुरक्षा विम्याचा हप्ता २० रुपये, त्यातला १ रुपया मध्यस्थाचा.

एका फेरीचा हिशेब

आता सखीला फोन येतो. 'ताई, आमच्या सासूबाईंचे पैसे काढायचेत, या की घरी.' वाडी ४ किलोमीटरवर. जाऊन येऊन ८. पेट्रोल आणि गाडीची झीज मिळून किलोमीटरला ३ रुपये धरले तर २४ रुपये झाले. सासूबाईंनी १,५०० काढले. सखीला मिळाले सव्वापाच. म्हणजे गाठचे १८ रुपये ७५ पैसे घालून सखी घरी आली, आणि तास गेला तो वेगळाच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

त्या फेरीत ५ जणींनी पैसे काढले तर २६ रुपये २५ पैसे मिळतात. पेट्रोल निघालं, मजुरी शून्य. २० जणींनी काढले तर १०५ मिळतात. पेट्रोल वजा जाता ८१ उरले. त्याला तीन तास लागले असतील तर तासाला २७ रुपये.

हे २७ कमी की जास्त, ते कशावरून ठरवायचं? रोजगार हमीची आपल्या राज्यातली मजुरी २०२५-२६ सालासाठी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. आठ तासांनी भागलं तर तासाला ३९ रुपये. हा आपला काटा धरू. ३९ च्या खाली गेलं तर बाईला भांगलण बरी, वर गेलं तर मशीन बरं.

आणखी एक आकडा बघा. नुसत्या १,५०० च्या व्यवहारांतून दिवसाला ३१२ मिळवायचे तर ६० अंगठे लागतात, तेही खर्च धरला नाही तर. उसाची मोळी बांधून, विळा धरून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात त्यांचा अंगठा पहिल्या झटक्यात लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तीन-तीन वेळा बोट पुसायचं, तेल लावायचं, दुसरं बोट ठेवून बघायचं. तोवर रेंज जाते. पाटणकडे पावसाळ्यात तर दिवस-दिवस जाते. दिवसात ६० अंगठे हे वाडीवर होणारं काम नाही.

महिन्याची वही

आता महिना मांडू. धरा, एका सखीकडे महिन्याला ४०० वेळा पैसे काढले जातात. त्यातले निम्मे १,५०० चे, निम्मे ३,००० किंवा त्याहून मोठे. पहिल्या २०० चे झाले १,०५० रुपये. दुसऱ्या २०० चे २,१००. जीवनज्योतीची १५ नवी नावं नोंदवली, त्याचे ४५०. सुरक्षा विम्याची ३० नावं, त्याचे ३०. विम्याचे पैसे पूर्ण सखीला मिळाले असं धरू. एकूण जमा ३,६३० रुपये. बैठकीत सखी हाच आकडा सांगते, आणि नवी मुलगी हाच ऐकून घरी जाते.

आता खर्चाचं पान उघडा.

महिन्याला २० फेऱ्या, फेरीला २४, झाले ४८०. मोबाईलचं रिचार्ज ३००. पावतीच्या कागदाचे रोल १००. मशीन, बोटाचं यंत्र, छोटा प्रिंटर सगळं मिळून २४,००० ला पडलं आणि चार वर्षं चाललं असं धरलं, तर महिन्याला ५०० रुपयांची झीज. ही झीज कोणी लिहीत नाही, कारण पैसे एकदाच गेलेले असतात. पण मशीन बिघडतं किंवा जुनं यंत्र चालत नाही असा निरोप येतो, त्या दिवशी हे ५०० आठवतात.

दुसरा लपलेला खर्च म्हणजे भांडवल. सखी जे पैसे हातात देते ते आधी तिचे असतात. नंतर ते तिच्या खात्यात जमा होतात. म्हणजे रोज हातात रोकड लागते. ५०,००० ची रोकड गटातून शेकडा १ रुपया व्याजाने घेतली तर महिन्याला ५०० व्याज. घरचे पैसे घातले तरी ते फुकट नाहीत, तेच पैसे दुसरीकडे कामाला आले असते. शिवाय रोकड आणायला बँकेत जावं लागतं. महिन्याला ८ खेपा, खेपेला ४० रुपये, झाले ३२०.

बेरीज करा. ४८०, ३००, १००, ५००, ५००, ३२०. एकूण २,२००. जमेतून वजा केले की उरतात १,४३० रुपये. बँकेच्या खेपा धरून सखी दिवसाला ४ तास आणि महिन्याला २४ दिवस या कामात असेल तर ९६ तास झाले. तासाला १५ रुपये पडले. आपला काटा होता ३९ चा.

मैत्रिणींनो, बाई आळशी नाही, कामात कच्ची नाही, ग्राहकही चांगले ४०० आहेत. तरी १५ रुपये. कारण कमिशन अंगठ्याला मिळतं, चालण्याला मिळत नाही.

तेच काम, जागा बदलून

आता तीच सखी, तेच ४०० व्यवहार, पण मांडणी वेगळी. समजा तिचं किराणा दुकान आहे, किंवा शिलाई मशीन आहे, किंवा पिठाची गिरणी. तिने पाटी लावली की सकाळी १० ते १२ आणि संध्याकाळी ४ ते ६ इथेच पैसे मिळतील. वाडीवर आठवड्यातून एकदाच जायचं, आणि तेही गटाच्या बैठकीच्या दिवशी. सगळ्या बायका जमलेल्या असतात, बोटं पुसून तयार असतात.

फेऱ्या २० वरून ४ वर आल्या. पेट्रोल ४८० चं ९६ झालं. बाकी खर्च तसाच धरला तरी एकूण १,८१६. उरले १,८१४ रुपये. वेळ? एका अंगठ्याला ५ मिनिटं धरली तर ४०० चे साधारण ३३ तास. वाडीवरच्या फेऱ्या आणि बँकेच्या खेपांचे आणखी १२ धरा. एकूण ४५ तास. मधल्या वेळात ब्लाऊज शिवून होतो, गिऱ्हाईक होतं. तासाला पडले ४० रुपये. काट्याच्या किंचित वर.

अजून एक पायरी आहे. गटाची बचत, कर्जाचे हप्ते, दुकानाचा गल्ला ही सगळी रोकडच असते. बँकेत भरायला न्यायची ती रोकड सखीकडेच जमा झाली, रीतसर मशीनवर नोंद होऊन आणि पावती मिळून, तर सखीला काढून द्यायला पैसे तिथेच मिळतात. मग ५०,००० च्या जागी २५,००० भांडवल पुरतं आणि ८ खेपांच्या जागी ४ पुरतात. व्याजाचे २५० वाचले, खेपांचे १६० वाचले. खर्च आला १,४०६ वर. उरले २,२२४. तासाला सुमारे ४९ रुपये.

पंधरावरून एकोणपन्नास. कमिशनचा एक पैसा वाढला नाही.

पण हे सगळीकडे जमेल असं मात्र नाही. गावातच बँकेची शाखा असेल, जिल्हा बँकेची शाखा शेजारी असेल, पोस्टमन दादा पोस्टाच्या बँकेचं मशीन घेऊन दारात येत असतील, तर ४०० अंगठे मिळणार नाहीत. २०१८ पासून पोस्टाची बँकही हेच काम करते. तेव्हा आधी बघायचं की आपल्या गावापासून शाखा किती लांब आहे आणि या कामात आधीच किती जण आहेत.

लाटेवर भरवसा नको

२०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते आले तेव्हा सखीच्या दारात रांगा लागल्या. त्या गर्दीकडे बघून मशीन घ्यावंसं वाटणं साहजिक आहे. पण हप्ता आला की तीन-चार दिवस गर्दी असते आणि पुढचे पंचवीस दिवस सुने जातात. हप्त्याची तारीख पुढे-मागे होते. पडताळणीत काही नावं कमी होतात. आणि सरकारी योजना ही शेवटी सरकारी योजना, तिच्यावर चार वर्षांच्या मशीनचा हिशेब बांधायचा नाही.

दुसरी गोष्ट फोनची. यूपीआयवरून पैसे द्यायला माणसाला काही पडत नाही. तरुण सुना आता भाजीवाल्यालाही फोनवरून पैसे देतात. त्यांना रोकड कमी लागते, म्हणून त्यांचे अंगठेही कमी. सखीकडे कायम राहणार त्या आजी, मावशी, श्रावणबाळ आणि निराधारचे १,५०० घेणारी म्हातारी माणसं. म्हणजे लहान रकमा आणि लांब घरं, जिथे कमिशन सगळ्यात कमी आणि फेरी सगळ्यात महाग.

हा पेच आपल्याच वाटेला आलाय असं नाही. अमेरिकेत घरकर्जाच्या कागदांवर सह्या घ्यायला लोकांच्या घरी जाणारे एजंट असतात. त्यांनाही सहीमागे पैसे मिळतात, मधली कंपनी आपला वाटा ठेवते, गाडी-पेट्रोल-प्रिंटर त्यांचं स्वतःचं. २०२० आणि २०२१ साली तिथे घरकर्जाचं व्याज ३ टक्क्यांच्याही खाली गेलं. लोकांनी जुनी कर्जं फेडून स्वस्तातली नवी घेतली, सह्यांचं काम ओसंडून वाहिलं, आणि कितीतरी नवे लोक या कामात आले. २०२३ च्या ऑक्टोबरात व्याज ७ टक्क्यांच्या वर गेलं. कर्ज बदलणारे थांबले आणि काम आटलं. लाटेत आलेल्यांना आता तोच प्रश्न पडलाय जो आपल्या सख्यांना पडतो. माणसं वेगळी, देश वेगळा, पण कामामागे पैसे मिळतात आणि फेरी मात्र आपल्या खर्चाची, हे गणित दोन्हीकडे सारखंच.

मग फेरीचे पैसे कोणी द्यायचे

इथे एक वाट अशी दिसते की ग्राहकाकडूनच १० रुपये घ्यावेत. मैत्रिणींनो, ती वाट बंद आहे आणि ती बंदच असावी. बँकेच्या वतीने केलेल्या कामाचे पैसे बीसीने ग्राहकाकडून परस्पर घ्यायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि नियम बाजूला ठेवला तरी, ज्या आजीला पावती वाचता येत नाही तिच्या १,५०० तून १० ठेवले की उद्या गावात बोलणं होणार, 'सखीने पैसे कापले.' या धंद्याचं खरं भांडवल विश्वास आहे. तो गेला की मशीन पेटीत जातं.

पण अंथरुणाला खिळलेली आजी, पायाने अधू असलेला दादा, बाळंतीण, यांच्याकडे तर जावंच लागतं. त्या फेरीचं काय? आज ती सखीच्या पदरचीच असते, आणि आपण तिला सेवा म्हणतो. सेवा म्हटलं की बाईच्या कामाचे पैसे विचारायचे नसतात, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. ही रीत आपण मोडायला हवी.

पिग्मी गोळा करणाऱ्यांचं उदाहरण आपल्यापुढे आहे. बँका म्हणत, हे आमचे नोकर नाहीत, कमिशनवाले आहेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००१ साली न्यायालयाने त्यांना कामगार मानलं आणि खालच्या न्यायाधिकरणाचा निवाडा कायम ठेवला. महिन्याला ७,५०० रुपये गोळा केले की ७५० रुपये ठरीव मिळायचे, त्याच्या वरच्या रकमेला २ टक्के, आणि येण्या-जाण्यासाठी ५० ते १०० रुपये वेगळे. रक्कम आज लहान वाटेल. पण त्यातलं तत्त्व लक्षात घ्या. फिरणाऱ्या माणसाला कमिशन वेगळं, ठरीव पैसे वेगळे आणि प्रवासाचे पैसे वेगळे. फेरीला किंमत असते हे न्यायालयाने कागदावर आणलं.

हा निवाडा बीसी सखीला आपोआप लागू होत नाही. पण त्यातली रीत आपण आपल्या पातळीवर नक्की आणू शकतो. पोस्टाची बँक निवृत्त माणसाच्या घरी जाऊन हयातीचा दाखला काढून देते, त्याचे ७० रुपये उघडपणे, पावतीने घेते. म्हणजे घरी येण्याचा ठरलेला दर असू शकतो, फक्त तो संस्थेने ठरवलेला आणि सगळ्यांना माहीत असलेला हवा.

आमचं म्हणणं असं आहे की हा विषय ग्रामसंघाने हातात घ्यावा. गावात घराबाहेर न पडू शकणारी माणसं किती आहेत याची यादी करावी. समजा १२ आहेत. महिन्यातून दोन दिवस सखीने त्यांच्याकडे जायचं, आणि त्या दोन दिवसांची मजुरी ग्रामसंघाने किंवा प्रभागसंघाने सखीला द्यायची. ३१२ च्या दराने दोन दिवसांचे ६२४ रुपये. बाराने भागलं तर माणशी ५२. एवढं म्हातारीचं एका खेपेचं एसटीचं आणि चहापाण्याचं होतं. ग्रामसंघाला जमत नसेल तर ठराव करून बँकेकडे मागणी करावी. ७० वर्षांवरच्या आणि अपंग माणसांना घरपोच सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच बँकांना सांगितलेलं आहे. बँकेचं ते काम सखी करत असेल तर तिच्या फेरीचे पैसे मागायला लाजायचं कारण नाही.

मशीन घेण्याआधी

ज्या मुली आता या कामात येणार आहेत त्यांनी पाच गोष्टी लिहून घ्याव्यात.

पहिली, कराराचा कागद मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करायची नाही. १,५०० च्या, ३,००० च्या आणि १०,००० च्या व्यवहाराला मला हातात किती, हे तीन आकडे लिहून मागायचे. महिन्याचं काही किमान भाडं कापतात का, तेही विचारायचं.

दुसरी, सुरुवातीला कुठून मानधन मिळालं तर ते कमाईत धरायचं नाही. ते थांबल्यावर काय उरेल, तेच खरं.

तिसरी, पॅन कार्ड जोडलेलं हवं. २०२५ च्या एप्रिलपासून वर्षाला २०,००० रुपयांच्या वर कमिशन गेलं की २ टक्के कर आधीच कापला जातो. आपल्या हिशेबातली सखी वर्षाला ४३,५६० कमावते, म्हणजे तिचे साधारण ८७० रुपये कापले जातील. उत्पन्न कराच्या मर्यादेत बसत नसेल तर विवरणपत्र भरून ते परत मिळतात. न भरणाऱ्यांचे ते तिकडेच राहतात.

चौथी, मशीन फार दिवस बंद ठेवायचं नाही. २०२६ च्या १ जानेवारीपासून नियम आला आहे की सलग तीन महिने व्यवहार झाला नाही तर बँकेला सखीची ओळख-कागदपत्रं पुन्हा तपासावी लागतात आणि मगच मशीन सुरू होतं. उसाच्या हंगामात घरातली सगळी बाहेरगावी जात असतील तर हे लक्षात ठेवा.

पाचवी, अडकलेल्या पैशांची वही वेगळी ठेवायची. खात्यातून पैसे गेले पण मशीनवर व्यवहार पूर्ण झाला नाही, असं होतं. अशा वेळी ५ दिवसांच्या आत पैसे परत करायचे असतात, आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये ग्राहकाला द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. तारीख, वेळ, रक्कम आणि पावतीचा नंबर वहीत असेल तर सखीच्या नावाला बोल लागत नाही.

आणि ज्या सख्या आज काम करत आहेत, त्यांनी एकच महिना एक गोष्ट करून बघावी. रोज रात्री वहीत तीन रकाने भरायचे: आज अंगठे किती, किलोमीटर किती, तास किती. महिन्याच्या शेवटी गटाच्या बैठकीत ते पान सगळ्यांसमोर वाचायचं. फेरीला ५ पेक्षा कमी अंगठे पडत असतील तर त्या वाडीचा वार ठरवून टाका. तासाला ३९ च्या खाली पडत असेल तर घरी बोलावणाऱ्यांना सांगा, 'वहिनी, बुधवारी बैठकीला घेऊन या सासूबाईंना, तिथे देते.' एवढं बोलायला सखीला जड जातं, म्हणून ते गटाने ठरवावं आणि गटानेच सांगावं.

तुमच्या वहीतलं पान पुढच्या बैठकीला नक्की आणा. आपण मिळून बेरीज करू.